माणची लेक, जावळीचा पाऊस

माझं माहेर माण तालुक्यात, दहिवडी आणि म्हसवडच्या मधल्या एका गावात. सासर जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला. दोन्ही एकाच सातारा जिल्ह्यात, आणि दोन्हीकडच्या हवेचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून रस्त्यानं शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला आलात की आमच्या माणात पाचशे मिलिमीटर झाला तरी वर्ष चांगलं गेलं म्हणतात. अरबी समुद्रावरून येणारं वारं सह्याद्रीला थडकतं, वर चढताना थंड होतं आणि जवळचं पाणी तिथंच ओतून मोकळं होतं. पलीकडं उतरताना तेच वारं तापतं, कोरडं होतं. पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. मी प्राथमिक शिक्षिका आहे. हा भाग शिकवताना दर वर्षी पोरांना सांगते, तुमच्या बाई त्या छायेतल्या.

परवा कुणीतरी स्टेटसला ठेवलं होतं, पाऊस आला की मन प्रसन्न होतं. खाली बदामांची रांग. मला काही बदाम टाकवेना. प्रसन्न होतं हे खरंच आहे, पण कुणाचं होतं, किती दिवस होतं, आणि तो माणूस कुठं लहानाचा मोठा झालाय, हे कुणी विचारत नाही.

आमच्याकडं आभाळ भरून येण्याइतका मोठा आनंद दुसरा नव्हता. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला काळं उठलं की आजी हातातलं सूप तसंच घेऊन अंगणात यायची. पारावर माणसं जमायची. बोलायचं कुणीच नाही, बोललं की जातंय म्हणून. वारं सुटायचं, धुरळा उठायचा, पत्रे वाजायचे, आणि बहुतेक वेळा ते काळं शिंगणापूरच्या डोंगराकडं सरकून जायचं. कधी तरी मात्र वळीव असा बदडायचा की आजी गारा वेचून आमच्या तोंडात घालायची. आमचा खरा पाऊस जूनचा नव्हेच, तो परतीचा. मृग कोरडा गेला की घरात ताट ठेवतानासुद्धा आवाज करायचा नाही, असा न सांगितलेला नियम होता. उत्तरा-हस्तात पाऊस झाला, ज्वारीची पेर साधली, की एरवी दिवसाला चार शब्द बोलणारे आबा आईला ‘कारभारीण’ म्हणून हाक मारायचे. वह्या-पुस्तकांचे पैसे मागायचे तर पाऊस पडून गेल्यावर मागायचे, हे आम्हा भावंडांना कुणी शिकवलं नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात आबा पोरसवदा होते, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि मिळेल ती सुकडी खायचे. २०१२-१३ ला ते दोन बैल घेऊन म्हसवडच्या चारा छावणीत राहिले. अशा घरातली मी.

लग्नानंतर बदली झाली ती कोयनेच्या फुगवट्याकडं, बदल्यांच्या यादीत ज्याला दुर्गम म्हणतात त्या भागात. पहिला जून मी अक्षरशः भिजून काढला. शाळेतून येताना छत्री असूनही उघडायची नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, “आत्ताच एवढी भिजू नगंस गं, पुरवून पुरवून भीज.” मला वाटायचं, डोंगरातल्या माणसांना पावसाची किंमतच नाही.

मग आषाढ लागला. पुनर्वसूचा तरणा पाऊस झाला, पुष्याचा म्हातारा झाला, आश्लेषा लागल्या. नक्षत्रांची वाहनं बदलत राहिली, कधी बेडूक, कधी उंदीर, पाऊस तोच. तो जोरातही पडत नाही कित्येकदा, नुसती झड. समोरचा डोंगर दिसायचा बंद होतो. मग चिंच दिसेनाशी होते, मग अंगणाची कड. मीठ पाझरतं, काडी ओढली की गुल गळून पडतो, खडू फळ्यावर उमटत नाही, हजेरीपटाचं पान शाई पितं, चपलांवर हिरवट बुरशी धरते. आत्या बांबूचं डालगं पालथं घालून त्याच्याखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायच्या आणि वरनं माझ्या लेकीचे कपडे पसरायच्या. ते वाळायचे, पण धुराचा वास घेऊन. मोठ्यांचे कपडे वलणीवर पडून राहायचे आणि त्यांना आंबूस वास यायचा. तसाच वास आपल्यालाही येत असणार असं मला उगाच वाटत राहायचं.

माझं असं व्हायचं की सकाळी उठवेना. झोप पुरी होऊनही डोळे जड. भाकरी नको, शिरा हवा, गूळ-तूप-चपाती हवी, संध्याकाळी भजी हवीत, आणि खाऊनही समाधान नाही. वर्गात पोरांवर खेकसायचे. घरी कशानं तरी डोळे भरून यायचे, आणि कशानं ते विचारलं तर सांगता यायचं नाही.

रविवारी आबांचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, “तिकडं काय म्हणतोय पाऊस?”

“लय आहे आबा.”

“असू दे, असू दे. आमच्या वाटचा पण तिकडंच पडतोय.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नसायचा, खरं समाधान असायचं, निदान लेकीच्या दारात तरी पडतोय याचं. आता या माणसाला मी काय सांगू, की मला पावसानं रडू येतंय? ‘पुरे झाला पाऊस’ हे वाक्य आमच्या घरात अपशकुनी. माणच्या पोरीनं ते म्हणणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारणं. म्हणून मी ते कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, ह्यांना तर नाहीच. ह्यांना सांगून कळलंही नसतं.

कारण आमच्या ह्यांचं सगळं उलटं. पाऊस लागला की हा माणूस खुलतो. विळ्याला धार लावेल, मोडकी खुर्ची सांधेल, भजनाच्या चाली गुणगुणेल. रात्री पत्र्यावर पावसाचा आवाज नसेल तर त्यांना झोप लागत नाही. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहायला आलो, स्लॅबच्या घरात, तेव्हा पहिल्या पावसाळ्यात ते मध्यरात्री उठून गॅलरीत जायचे. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “पाऊस ऐकूच येत नाही.” शेवटी गॅलरीवर पत्रा टाकून घेतला. शेजारचे म्हणतात, आवाजाचा त्रास होतो. आम्ही म्हणतो, उन्हासाठी टाकलाय.

उन्हाळ्यात माझ्या माहेरी गेलो की ह्यांचा तोल जातो. मला आधी वाटायचं, ऊन सोसत नसेल. तसं नाही. चाळीस अंशांत लिंबाखाली खाट टाकून हा माणूस निवांत झोपतो. संध्याकाळ झाली की अस्वस्थ. अंगणात बसले तरी भिंतीला टेकून बसणार. एकदा म्हणाले, “इथं पाठीला काहीच नाही.” माळ नुसता पसरलेला, आभाळ चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं, त्यांच्या दृष्टीनं ते उघड्यावर बसणं. मला त्याच आभाळाखाली श्वास मोकळा होतो. जावळीत दुपारी चारला डोंगराची सावली अंगणावर आली की मला दार लावून घेतल्यासारखं व्हायचं. ह्यांना त्याच वेळी घरी आल्यासारखं वाटतं.

यावरून माझं एक मत झालंय. घाम, थंडी, ओल यांतलं अंगाला काय सोसवतं ते हवेच्या हिशेबानं ठरतं आणि ते जवळपास सगळ्यांना सारखंच लागू पडतं. पण आभाळाकडं बघून मनाला काय वाटतं, ते लहानपणी घरातली मोठी माणसं आभाळाकडं बघून काय करायची त्यावर जास्त ठरतं. माझ्या बाबतीत या दोघांचं भांडण लागलं. मन म्हणायचं पाऊस म्हणजे सुख, अंग म्हणायचं पुरे.

अंगाचा हिशेब सोपा आहे. घाम येतो म्हणून गार वाटत नाही, घाम उडून जातो म्हणून वाटतं. उडताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. माणात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतही नाही. सावलीत बसलं, फडकं ओलं करून डोक्यावर घेतलं की चाळीस अंश निभतात. माठातलं पाणीही त्याच कारणानं दाताला कळ लागेल इतकं गार होतं. साताऱ्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर, तापमान तेहतीस-चौतीसच असतं, पण हवा ओलीनं भरलेली. घाम उडायला जागाच नाही, तो नुसता वाहतो. माठ बसून असतो. रात्री पंखा फिरतो आणि आपण कूस बदलतो. त्या आठवड्यात आमच्या वाड्यात सगळ्यात जास्त भांडणं होतात, पाण्यावरून, पार्किंगवरून, कशावरूनही. पहिली सर पडली की तीच माणसं एकमेकांना चहाला बोलावतात. हवामान खात्यानं तापमानाबरोबर भांडणांचा आकडाही द्यावा असं मला वाटतं.

उजेडाचा हिशेब मला फार उशिरा कळला. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल या मनोविकारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं वर्णन प्रसिद्ध केलं. दर वर्षी ठरावीक काळात येणारी, झोप वाढवणारी, गोड आणि पिठूळ खायला लावणारी उदासी. वाचताना मला माझाच आषाढ दिसला. डोळ्यांत सकाळी पुरेसा उजेड गेला की मेंदूतलं घड्याळ जागं होतं आणि झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं. उजेड कमी पडला की घड्याळ रेंगाळतं. युरोप-अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात दिवसच लहान असतात. लंडनचा सर्वांत लहान दिवस आठ तासांपेक्षाही कमी. आपलं तसं नाही. सातारा साधारण पावणेअठरा अक्षांशावर. आपला लहानात लहान दिवस अकरा तासांचा आणि मोठ्यात मोठा तेरा तासांच्या थोडा पुढं. म्हणजे डिसेंबरात आपल्याला उजेड कमी पडायचं काही कारणच नाही.

आपला उजेड जातो तो जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन मोठ्या दिवसांत, ढगांपायी. गंमत म्हणजे साताऱ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा. एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, तेव्हा वाड्यातली पोरं बाटली उभी करून शून्य सावली बघतात. आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला. ही दुसरी शून्य सावली मी आजवर जावळीत कधी पाहिलेली नाही. सूर्य थेट टाळूवर उभा आणि खाली आम्ही दुपारी बारा वाजता वर्गात ट्यूबलाइट लावून बसलेलो.

भाच्याच्या मोबाइलमध्ये उजेड मोजायचं अॅप होतं. पावसाळ्यात शाळेत नेऊन मोजलं. मोबाइलचं मोजमाप काही प्रयोगशाळेचं नव्हे, पण फरक डोळे उघडणारा होता. वर्गात मागच्या बाकावर दीडशे लक्स भरेना. पाऊस पडत असताना पत्र्याच्या कडेला येऊन उभं राहिलं की आठ-नऊ हजार. अंधारून आलंय, अंधारून आलंय म्हणून आपण आत जाऊन बसतो, आणि खरा अंधार आतच असतो. परदेशात या उदासीवर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. आमच्याकडं जवळपास तेवढा उजेड झडीतही अंगणात फुकट पडलेला असतो.

तेव्हापासून पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या मी चहा घेऊन बाहेर बसते, पत्र्याखाली, कानटोपी घालून. सुट्टीच्या दिवशी यवतेश्वराच्या घाटानं थोडी चढून येते. शाळेतही मधली सुट्टी वर्गात करायची नाही असं ठरवलं. पावसाळ्यात पोरं दिवसभर कोंडली की दुसऱ्या तासापासून चावाचावी सुरू, पट्टीनं मारामारी, पेन्सिली मोडणं. भुरभुर असेल तर दहा मिनिटं सोडायचं मैदानात. एका पालकांनी सर्दीची तक्रार केली. त्यांचाच पोरगा शाळा सुटल्यावर ओढ्यात खेकडे धरत होता, गुडघाभर पाण्यात, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. डोंगरातली पोरं पावसानं कोमेजत नाहीत, कोंडल्यानं कोमेजतात. मी मात्र अजून थोडी पावसानंही कोमेजते, ते काही पूर्ण गेलेलं नाही. फरक एवढाच की आता त्याचं मला कोडं पडत नाही. आणि हेही लिहून ठेवते, पावसाळा सरला, सण आला, तरी उठावंसं वाटत नसेल तर पावसावर ढकलू नये, डॉक्टरकडं जावं. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर फोन केला तर मराठीत बोलता येतं.

शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या येतात कासला. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, त्यात कास आहे, तेव्हापासून तर रांगच. धुक्यात उभं राहून फोटो काढतात, कणीस खातात, “आहाहा, इथंच राहावं” म्हणतात. राहा की. आषाढ संपेपर्यंत राहा, कपडे आम्ही वाळवायला देतो डालगं.

बाकी ऋतूंबद्दल माझं फार म्हणणं नाही. ऑक्टोबरचं ऊन मला मेपेक्षा वाईट वाटतं. पाऊस हटतो, जमीन अजून ओली, वरून ऊन चटकतं आणि डोकं धरतं. जुने वैद्य शरदाला आपली आई म्हणायचे, म्हणजे रोगी पुरवणारी, ते उगाच नव्हे. थंडी उत्तम. थंडीत माझं कुणाशी भांडण होत नाही. आत्यांचे गुडघे मात्र पावसाच्या आधी दोन दिवस बोलतात. हवेचा दाब आणि सांधेदुखी यांचा संबंध आहे की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आत्यांचं स्वतःशी पक्कं आहे.

गेल्या वर्षी आबांना मी सांगितलं. फोनवर नाही, समोर बसून. म्हटलं, आबा, मला त्या पावसाचा पहिल्या वर्षी लय त्रास झाला, रडायचे मी. ते ज्वारीची कणसं खुडत होते. हात थांबला नाही. म्हणाले, “छावणीत मलाबी तसंच व्हायचं. नुसतं ऊन बघून बघून. बैलाला सांगायचो.” एवढंच. मग लगेच विचारलं, कोयना किती भरली होती औंदा? मी म्हटलं, फुल्ल, एकशे पाच टीएमसी. त्यांनी मान हलवली आणि पुढचं कणीस घेतलं.

यंदा बदल्यांच्या यादीत आमच्या माणचीच एक पोरगी जावळीत आली आहे. लहान आहे, लग्न झालेलं नाही. मेढ्यात खोली बघत होती म्हणून कुणीतरी तिला माझा नंबर दिला. फोनवर आवाज नुसता उत्साहानं भरलेला, मॅडम, इथं किती हिरवंगार आहे हो. मी म्हटलं, आहे खरं. खोली बघताना पूर्वेला खिडकी आहे का ते आधी बघ, भाडं थोडं जास्त गेलं तरी चालेल. ओढ्याच्या अंगाची, डोंगराला चिकटलेली खोली घेऊ नको, चारला अंधार होतो. सकाळी बाहेर उभी राहात जा, पाऊस असला तरी. जुलैच्या अखेरीला कंटाळा आला आणि घरी सांगता येत नसेल तर मला फोन कर, रात्री दहापर्यंत चालतो. ती जरा गप्प झाली, मग हसली. तिला वाटलं असेल, बाई जरा विचित्रच आहेत. शेवटी तिनं विचारलं, “मॅडम, कपडे वाळतात ना पण?”

नाही वाळत, म्हटलं. आत्यांची जुनी शेगडी माझ्याकडं पडून आहे, डालगंही आहे. रविवारी येऊन घेऊन जा.